टीव्ही खाली आणा

रत्नाक्का मीटिंगमध्ये शड्डू ठोकायची.

हे अलंकारिक बोलणं नाही. समोर संचालक बसलेले असायचे, टेबलावर बिस्किटांची बशी असायची, कुणीतरी घसा खाकरून "सर्वांच्या सहकार्यानं" अशी सुरुवात केलेली असायची, आणि अक्काचा उजवा हात वर जाऊन मांडीवर फाटकन बसायचा. आखाड्यात उतरलेला पैलवान समोरच्याला आव्हान द्यायला मांडी थोपटतो, तोच आवाज. बंद खोलीत तो बंदुकीसारखा वाजतो. बोलणारा वाक्याच्या मध्यावर थांबायचा. चहा आणणारा दारातच थबकायचा. अक्का ट्रॅकसूटच्या बाह्या वर सारायची आणि म्हणायची, "हां. आता माझं ऐका."

लोक म्हणायचे, बाई अडाणी आहे, तिला सभेची रीत ठाऊक नाही. मी सांगते, सभेची रीत तिच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती. पुरुषांनी भरलेल्या खोलीत बाईचं पहिलं वाक्य कुणी ऐकत नाही, दुसरं मध्येच तोडतात आणि तिसऱ्याला "ताई, वेळ कमी आहे" म्हणतात. म्हणून अक्का पहिलं वाक्य तोंडानं बोलायचीच नाही.

ती मूळची गडहिंग्लजकडची. कर्नाटकाची हद्द जवळ, घरात अर्धं बोलणं कानडी, आणि थोरल्या बहिणीला तिकडं अक्काच म्हणतात. ही सहा भावंडांत थोरली, त्यामुळं आधी घराची अक्का, मग गावाची, मग आमच्या सगळ्यांची. तिच्या लहानपणी गावच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत पोरींना पाऊल टाकू देत नसत. ही आणि तिचा पाठचा भाऊ उसाला पाणी पाजून झालं की पाटाकडेच्या मऊ मातीत लढायची. पुढं एका जत्रेत तिनं फडात उतरून एका पोराला चितपट केलं. पंचांनी नारळ दिला, फेटा काही बांधला नाही. हा किस्सा ती कुणालाही, कधीही, न विचारता सांगायची. "म्हणले, बाईच्या डोक्याला फेटा कसा बांधायचा? मी म्हणलो, मग नारळ बी ऱ्हाऊ द्या की. न्हाय तर द्याच. कुणाच्या तर डोक्यात घालायला उपेगी पडंल." तिकडच्या बायका 'आलो-गेलो' असं पुरुषांसारखंच बोलतात, अक्का तर आयुष्यभर तसंच बोलली.

मी तिला भेटले तेव्हा ती कोल्हापूरबाहेर, पन्हाळ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या मुलींच्या एका कुस्ती केंद्रात शिकवत होती. केंद्र खासगी, पैसा मोठ्या कंपन्यांचा. एका बाजूला मातीच्या कुस्तीचा हौदा, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या उंच छताखाली मॅटचा हॉल, आणि हॉलच्या वर, जिना चढून गेलं की काचेची वातानुकूलित केबिन. त्या वर्षी केंद्रात नवं तंत्र आलं होतं. प्रत्येक मुलीच्या छातीला, बनियनच्या आत, एक पट्टा. पट्ट्यात हृदयाचे ठोके, श्वास आणि अंगातली उष्णता मोजणारी बारीक यंत्रं. वायर नाही. पट्टा हवेतूनच निरोप पाठवायचा. भिंतीवर उंचावर बसवलेल्या पांढऱ्या डब्या तो निरोप झेलायच्या, एकमेकींकडं सरकवायच्या आणि शेवटी केबिनमधल्या मोठ्या टीव्हीवर प्रत्येक मुलीची एकेक रेघ नाचायला लागायची. त्या डब्यांना अक्का 'पाली' म्हणायची. "बघा की, भित्तीला चिकटून सगळं ऐकत्यात."

मी कुठून आले? आमचा एक छोटा गट आहे. खेळाडूंवरच्या अन्यायाविरुद्ध आम्ही पत्रकं काढतो, वाटतो, कधी कधी त्याबद्दल शिव्या खातो. केंद्रातल्या मुलींच्या छातीला पट्टे बांधतात आणि त्यांचे आकडे वर पाहुण्यांना दाखवतात, असं कानावर आलं. तेवढं पुरे होतं. मी पत्रक आधीच लिहून घेऊन गेले. मथळा असा: 'मुलींच्या छातीवरचे पट्टे काढा!' खालच्या मजकुरात आणखी तीन उद्गारचिन्हं.

अक्कानं कागद हातात घेतला. हौद्याच्या काठावर बसून, बोट फिरवत, शेवटपर्यंत वाचला. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पावणं, च्या घेणार का आधी शिव्या खाणार?"

"अहो अक्का, पण..."

"अक्का म्हणायचं आन अहो बी म्हणायचं, असलं दोन दगडांवर पाय मला चालत न्हाय. अगं म्हण." आणि मग तिनं कागद माझ्या हातात परत ठेवला. "हे छापलंस तर हितंच मातीत गाडीन. कागदाला, तुला न्हाय. त्या पट्ट्यानं माझी एक पोरगी वाचवलीया."

मग तिनं सांगितलं. उन्हाळ्यातली सकाळ. वजनगटात बसायचं म्हणून एका मुलीनं आदल्या दिवसापासून पाणी तोडलं होतं, अंगावर दोन-दोन जाड कपडे घालून पळत होती. कुस्तीत हे सगळे करतात. मुलगी मागं पडायला लागली. अक्का काठावरनं ओरडत होती, "आळशे, पाय उचल!" तेवढ्यात वरनं ओंकार, यंत्रं सांभाळणारा इंजिनिअर, जिन्यावरून धडधडत खाली आला. चप्पल एका पायात होती, एक जिन्यातच राहिली होती. "अक्का, थांबवा तिला! तिचं अंग भट्टीसारखं तापलंय!" मुलीला नळाखाली धरली, जीप काढली, दवाखान्यात नेली. वाचली.

"मी काय म्हणत होतो तिला? आळशी म्हणत होतो," अक्का म्हणाली. "हे डोळं बारा गावच्या पैलवानांना जोखून बसलेत म्हणं. तिच्या पोटात काय पेटलंय ते ह्या डोळ्यांना दिसलं न्हाय, त्या पट्ट्याला दिसलं. आन तू म्हणतीस पट्टं काढा? यंत्राला कशाला शिव्या घालतीस गं? त्याला काय अब्रू हाय? जो यंत्राकडं बघत बसतोय त्याची मान धर."

मी म्हणाले, "मग तुझी तक्रार काय आहे?"

तिनं हॉलच्या वरच्या काचेकडं हनुवटी उचलली. "ओंकारला जिना उतरून यायला लागला. जिना! पोरगी खाली, मी खाली, आन तिचं काळीज वर टीव्हीवर. त्या जिन्यात पोरगी गेली असती तर?"

तिची मागणी एवढीच होती. टीव्ही खाली आणा. मॅटकडं तोंड करून लावा. जिच्या अंगाची रेघ, तिला दिसली पाहिजे, आणि तिला शिकवणारीला दिसली पाहिजे. ही मागणी तिनं मीटिंगमध्ये मांडली, शड्डू ठोकून. संचालकांना ती 'वरचे साहेब' म्हणायची. वरचे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला लिहायला आवडत नाही, पण लिहिलं पाहिजे. त्यांना मुलींनी पदकं आणावीत असं खरंच वाटायचं. फक्त मुलींनी ती आपल्यासाठी आणावीत असं वाटायचं. ते म्हणाले, "अक्का, खाली धूळ असते. शिवाय ही माहिती गोपनीय आहे."

"कुणापासनं गोपनीय? जिची हाय तिच्यापासनं?"

"ती नाजूक माहिती आहे. मुली घाबरतील."

"आन तुमचं पावणं च्या पीत पीत बघत्यात तवा नाजूक नसती व्हय?"

ही गोष्ट खरी होती. कंपन्यांची माणसं यायची, गार केबिनमध्ये बसायची, समोर सगळ्या मुलींच्या रेघा. कोण दमली, कुणाचं अंग आज का तापलंय, कुणाचा महिना चालू असेल, असल्या चर्चा बिस्किटं मोडत व्हायच्या. मुलींना याचा पत्ता नव्हता. पत्ता लागला तेव्हा दोघी-तिघी रडल्या. अक्का रडली नाही. रडणाऱ्या मुलींना ती जोर मारायला लावायची, आणि जोर मारता मारता रडणं अवघड असतं, हे एकदा करून बघा.

मागणी फेटाळली गेली. मी मात्र केंद्रात जात राहिले. आणि मग तबस्सुमचं प्रकरण आलं.

तबस्सुम कबनूरची. वडील यंत्रमागावर. लहानपणापासून मागांच्या खडखडाटात वाढलेली, त्यामुळं साधं बोलायची ते ओरडल्यासारखं. अंगानं बारीक. उभ्या कुस्तीत तशी बेताचीच, पण एकदा का खाली सापडली की मग मजा. पोटावर पालथी, मॅटला अशी चिकटायची की वरची मुलगी तिला उलथायला घामाघूम व्हायची. वरची दमली की ही खालून कमरेला वळसा देऊन निसटायची आणि बघता बघता वर असायची. अक्का म्हणायची, "उभ्यानं लढायला ताकद लागती. खाली पडून लढायला काळीज लागतंय."

एक दिवस वरच्या साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की महिनाअखेर सामान बांध. कारण? यंत्राचा अहवाल. सगळ्या मुलींमध्ये हिची मेहनत सर्वांत कमी. सरावाच्या ऐन वेळेत हिची रेघ बसलेली, म्हणजे बाई विश्रांती घेते. जागा मोजक्या आहेत, मेहनती मुली रांगेत आहेत.

तबस्सुम खाली आली तेव्हा तिचा आवाज पहिल्यांदा हळू झाला होता. "अक्का, मी कामचुकार हाय म्हणं." तिच्यासाठी केंद्र म्हणजे नुसती कुस्ती नव्हती. घरी परत गेली असती तर पुढच्या ईदच्या आत लग्न उरकलं असतं. मुलगा बघून ठेवलेला होता. हे ती आम्हाला पूर्वी हसत सांगायची. त्या दिवशी हसली नाही.

मी तिथंच बसून दुसरं पत्रक सुरू केलं. 'यंत्र खोटं बोलतं!' अक्कानं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"यंत्र खोटं बोलत न्हाय. परवा खरं बोललं, आज खोटं कसं बोलंल? त्याला काय तर दिसंना झालंय. काय दिसंना ते बघू."

आता अडचण बघा. टीव्ही वर, मॅट खाली. जो टीव्ही बघतो त्याची मॅटकडं पाठ असते आणि जो मॅटवर आहे त्याला टीव्ही दिसत नाही. अख्खा हंगाम कुणी दोन्ही एकदम बघितलंच नव्हतं! म्हणून मला जिन्याच्या वळणावर उभं केलं. वर केबिनच्या दारात ओंकार, खाली मॅटवर अक्का आणि तबस्सुम, मधे मी, निरोप्या.

"चालू कर," अक्का खालून ओरडली.

"चालू कर," मी वर ओरडले.

"रेघ आलीय. चढतीय," ओंकार वरून.

"चढतीय!"

दोघी भिडल्या. अक्कानं तिला खाली खेचलं, पालथी पाडली आणि आपलं सगळं वजन तिच्या पाठीवर टाकलं. अक्काचं वजन हा थट्टेचा विषय नव्हता.

"गेली!" ओंकार वरून किंचाळला.

मी कठड्यावरून खाली वाकले. "अक्का, गेली म्हणतोय!"

"कोण गेली?"

"तबस्सुम गेली!"

अक्काच्या खालून, मॅटमध्ये दबलेला, यंत्रमागावर ओरडल्यासारखा आवाज आला. "मी हितंच हाय की! जीव चाललाय माझा हितं, आन म्हणं गेली!"

अक्का बाजूला झाली. रेघ परत आली, एकदम वरच्या टोकाला. पुन्हा केलं. पुन्हा गेली. तिसऱ्यांदा ओंकार स्वतःच खाली आला आणि मॅटच्या काठावर बसला. त्याचा चेहरा उतरला होता. माणसाचं अंग म्हणजे बरंचसं पाणी, त्यानं आम्हाला समजावलं. या पट्ट्यांची लहर पाण्यातून आरपार जात नाही. मुलगी पालथी पडली की पट्टा मॅट आणि अंग यांच्यामध्ये दाबला जातो, वर दुसरीचं अंग, आणि डब्या तर सगळ्या भिंतीवर उंच. निरोप निघतो, पोचत नाही.

"पोचला न्हाय तर टीव्ही काय म्हणतोय?" अक्कानं विचारलं.

ओंकार म्हणाला, "हे सगळं आधी धावणाऱ्या मुलांसाठी बनवलं होतं. तिथं निरोप तुटला म्हणजे खेळाडू मैदान सोडून सावलीत बसला. म्हणून रेघ तुटली की विश्रांती धरायची, असं मीच त्यात घातलं होतं. इथं आणताना ते बदलायचं डोक्यात आलं नाही."

म्हणजे जी मुलगी खाली दबून, श्वास कोंडून, सगळ्यांत जास्त झगडत होती, ती यंत्राच्या लेखी सावलीत बसली होती. मी अनेक पत्रकं लिहिली आहेत. याहून कडक ओळ मला कधी सुचलेली नाही, आणि ही तर सुचलेलीही नाही, घडलेली आहे.

अक्कानं ओंकारला काही बोल लावला नाही. "चूक कळली, निम्मं काम झालं. आता वर तू सांगतोस का मी येऊ?"

"सांगितलं तर माझं कंत्राट जाईल, अक्का."

"आन न्हाय सांगितलंस तर तिचं लग्न हुईल."

ओंकारनं सांगितलं. वर उत्तर मिळालं ते असं: तांत्रिक बाब नंतर बघू, निर्णय झाला आहे, परवा कंपनीचे पाहुणे येणार आहेत, आता गोंधळ नको.

परवा पाहुणे येणार आहेत. अक्काला एवढंच ऐकायचं होतं.

त्या सकाळी पाहुणे केबिनमध्ये जाऊन बसले आणि खाली एकही मुलगी सरावाला उठली नाही. सगळ्या मॅटवर मांडी घालून बसलेल्या. गेटवर मी पत्रक वाटत होते. या खेपेला उद्गारचिन्ह नव्हतं, तीनच शब्दांचा मजकूर होता: टीव्ही खाली आणा. साहेब जिन्याच्या वरच्या पायरीवर आले.

"अक्का, हे काय चाललंय? वर या, बोलू."

"मी वर येणार न्हाय. दर खेपेला मीच वर आलो. आज तुम्ही खाली या. आन येताना टीव्ही घिऊन या."

"टीव्ही भिंतीला स्क्रूनं बसवलाय."

"स्क्रू काढलेत," मागून ओंकार म्हणाला.

चार मुली वर गेल्या आणि तो टीव्ही देवाची पालखी आणावी तसा, पायरी-पायरीनं, वायर सांभाळत खाली घेऊन आल्या. पाहुण्यांनाही उतरावं लागलं, बघायला वर काही राहिलंच नव्हतं. त्यांच्यातल्या एका बाईंनी बूट काढून मॅटच्या कडेला बैठक मारली. बाकीचे उभे राहिले.

मग अक्कानं पट्टा मागितला. स्वतःसाठी. तोवर तिनं तो कधी बांधला नव्हता. पाठमोरी होऊन बांधला, बाह्या वर सारल्या आणि तबस्सुमला हाक मारली. टीव्हीवर दोन रेघा आल्या, एक गुरूची, एक शिष्येची. दोघी भिडल्या. तबस्सुम खाली गेली आणि सगळ्यांच्या देखत तिची रेघ पुसली गेली. अक्का वरून दाबत होती, तबस्सुमच्या मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, मॅटवर घामाचा डाग पसरत होता, आणि टीव्हीवर तिच्या नावासमोर लिहून आलं होतं: विश्रांती.

कडेला बसलेल्या बाईंनी एकदा टीव्हीकडं बघितलं, एकदा मॅटकडं. "ही मुलगी विश्रांती घेतेय?" त्या म्हणाल्या.

तबस्सुमला ते ऐकू गेलं असावं. तिनं कमरेला असा वळसा दिला की अक्का हलली, घसरली आणि पाठीवर पडली. अक्कानं सोडून दिलं असेल का? मी नंतर विचारलं तेव्हा तिनं मला इतक्या जोरात चापट मारली की उत्तर मिळालं. टीव्हीवर तबस्सुमची रेघ उसळून वर आली. मुलींनी हॉल डोक्यावर घेतला.

अक्का उठून बसली. धापा टाकत होती. तिचा आकडा लाल झाला होता. साहेबांनी तो बघितला, आणि मला वाटतं त्यांना खरंच सुटका सापडल्यासारखं झालं. मऊ आवाजात म्हणाले, "अक्का, ठोके बघा किती वाढलेत तुमचे. घाबरू नका. शांत व्हा, आपण नंतर बोलू."

अक्का मॅटवर हात टेकून उभी राहिली, टीव्हीपाशी गेली आणि आपल्या लाल आकड्यावर बोट ठेवलं.

"वाढलाय. वाढणारच. सायेब, भ्याल्यावर बी वाढतो आन चिडल्यावर बी वाढतो. आकडा दोन्हीचा सारखाच. कशानं वाढलाय ते टीव्हीला म्हाईत न्हाय. ते मला इचारायचं. म्हणून ह्यो टीव्ही माझ्यासमोर पायजे. म्हणजे तुम्ही आकडा बघाल, आन मी तुम्हाला सांगीन, ही भीती न्हवं, ह्यो राग हाय."

आणि मग मांडीवर हात बसला. फाट्. टीव्हीवरची रेघसुद्धा दचकली, शपथ.

तबस्सुम राहिली. टीव्ही राहिला, हॉलमध्ये, मॅटकडं तोंड करून. डब्या भिंतीवरून उतरवून मॅटच्या कडेनं जमिनीलगत बसवल्या. निरोप तुटला तरी पट्टा तो स्वतःपाशी धरून ठेवेल आणि मागून पोचवेल, अशी सोय ओंकारनं केली. आणि रेघ तुटलेल्या जागी आता 'विश्रांती' येत नाही, 'माहीत नाही' असं येतं. अक्का यावर फार खूश होती. "यंत्राला म्हाईत न्हाय म्हणायला शिकवलं. सायबांस्नी कोण शिकवायचं?" कुणाची रेघ कुणी बघायची, हेही तिनं मुलींना गोल बसवून, एकेकीला विचारून ठरवलं. एक मुलगी म्हणाली, माझी मला आणि अक्कालाच दिसू दे. तिची रेघ टीव्हीवरून काढून फक्त दोघींच्या फोनवर दिली. केबिनमधून पाहुण्यांना आता काहीच दिसत नाही. त्यांना कुस्ती बघावी लागते.

अक्काला पुढच्या हंगामात घेतलं नाही. वयाचं कारण दिलं. मी चवताळून पत्रक काढायला निघाले, तर म्हणाली, "काढ की, मी कुठं नको म्हणतोय? पण रडकं काढू नको. लिही, अक्का बाहेर, टीव्ही खाली. कुस्ती निकाली." ती गडहिंग्लजकडं परत गेली. भावाचं बंद पडलेलं गुऱ्हाळ होतं, त्याच्या छपरात तिनं माती चाळून, ताक-हळद घालून हौदा केला. तालमीच्या उंबऱ्याच्या आत जिला येऊ दिलं नव्हतं, तिच्या तालमीला उंबराच नव्हता.

गेल्या वर्षी तिला दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी आणि तबस्सुम बघायला गेलो. खूप वाळली होती. डोक्यामागं, उशाच्या वर, तिच्या हृदयाची रेघ दाखवणारा मॉनिटर होता. आम्हाला दिसत होता, नर्सला दिसत होता, तिला सोडून सगळ्यांना दिसत होता. ती बोलायला दमत होती. हात उचलून तिनं बोट हवेत गोल फिरवलं. मला कळेना. तबस्सुमला लगेच कळलं.

"सिस्टर, तो जरा फिरवा इकडं."

"पेशंट घाबरतात हो बघून," सिस्टर म्हणाल्या.

अक्का पुटपुटली, पण नीट ऐकू आलं. "घाबरलो तर माझं मी घाबरीन की."

सिस्टरनी फिरवला. अक्का बराच वेळ त्या रेघेकडं बघत राहिली, ओळखीचं माणूस बघावं तसं. "बघ गं पत्रकवाले," मला म्हणाली, "कसा चाललाय. गुऱ्हाळाच्या बैलागत. दमलाय, पण घाण्याभवती फिरतोयच." त्यानंतर काही दिवसांनी बैल थांबला. तबस्सुम शेवटपर्यंत तिथं होती. ती सांगते, मॉनिटर तेव्हाही अक्काकडंच वळवलेला होता.

तबस्सुम आता त्याच केंद्रात लहान मुलींना शिकवते. परवा मी गेले होते. नवे संचालक आलेत. तरुण आहेत, हसतमुख आहेत, सगळ्यांना पहिल्या नावानं हाका मारतात. मीटिंगमध्ये त्यांनी सांगितलं की खाली धुळीनं टीव्ही खराब होतोय, शिवाय पाहुण्यांनाही सोयीचं पडेल, तर तो पूर्वीसारखा वर न्यावा. सर्वांच्या सहकार्यानं.

तबस्सुमनं बाह्या वर सारल्या. हात उचलला.

टीव्ही खालीच आहे.